आतली बाजू

पुरुषाचा शर्ट आधी कॉलरला जातो. अंगातलं कापड धड असतं, बटणं जागच्या जागी असतात, पण मानेच्या घडीवर दाढीचे खुंट आणि घाम मिळून आधी एक पांढुरकी रेघ उमटवतात, मग तिथले धागे सुटायला लागतात, आणि एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणतं, "हा आता बाहेर घालू नका." तिथून शर्टाची उतरण सुरू होते. आधी घरात घालायचा, मग रंगकामाच्या दिवशी घालायचा, मग गाडी पुसायचा.

मला ही उतरण मान्य नाही, कारण कॉलरला दोन बाजू असतात आणि झिजते ती एकच. कॉलर ज्या पट्टीत बसवलेली असते त्या पट्टीची वरची टीप उसवायची, कॉलर अलगद बाहेर काढायची, उलटी करून पुन्हा त्याच फटीत सरकवायची आणि टीप मारायची. एवढंच. आतली बाजू वर आली की शर्टाचा मूळ रंग काय होता हेही कळतं, आणि बाकीचा शर्ट किती विटलाय हे लक्षात येऊन थोडं ओशाळायला होतं. उसवण्याआधी कॉलरच्या बरोबर मध्यावर आणि पट्टीच्या मध्यावर खडूने खूण करून ठेवायची, नाहीतर एक टोक दुसऱ्यापेक्षा पुढे येतं. शिवाय चांगल्या शिंप्याने कॉलरचं वरचं कापड आतल्यापेक्षा किंचित मोठं कापलेलं असतं, म्हणजे टोकं खाली वळून बसावीत. उलटवल्यावर हाच चांगुलपणा आडवा येतो आणि टोकं वर बघायला लागतात. त्यावर इस्त्री आणि थोडी खळ एवढाच इलाज.

ही युक्ती मी शोधलेली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वयस्कर मास्तर बसतात, त्यांनी शिकवली. त्यांच्या उमेदीच्या काळात कॉलर उलटवून देणं हे शिंप्याचं नेहमीचं काम होतं. कारकून, शिक्षक, एसटीतले लोक शर्ट घेऊन यायचे. आता त्यांच्याकडे येतं ते पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं आणि रेडिमेड कुर्तीला बाजूने दाबणं. "नवीन कापड घेऊन कोण येतंय?" असं ते विचारतात, तक्रारीच्या सुरात नव्हे, हवामान सांगावं तसं. मी त्यांच्याकडे शिकायला बसायला लागलो तेव्हा त्यांना आधी वाटलं, नोकरी गेली असावी.

आमच्याकडे शिवणकामाची वाटणी मजेशीर आहे. दुकानात बसून पैसे घेऊन शिवतो तो पुरुष, घरात बसून फुकट शिवते ती बाई. (फॉल-पिको करून, ब्लाउज शिवून अख्खे संसार उभे केलेल्या असंख्य बाया या वाटणीत कुठेच बसत नाहीत, पण वाटण्या करणाऱ्यांचं त्यांच्याकडे लक्ष कधी होतं?) घरात बसून, पैसे न घेता, हौस म्हणून शिवणारा पुरुष हा प्रकार पाहुण्यांना समजावून सांगावा लागतो. माझ्या एका मावसभावाने एकदा बायकोला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यांचं सगळं ठीक आहे ना?"

मशीन आईची आहे. पायमशीन, काळी, सोनेरी नक्षी घासून घासून गेलेली. आईने शाळेत शिवणकाम हा विषय घेतला होता आणि तिची त्या वेळची वही अजून आहे: प्रत्येक पानावर पांढऱ्या मांजरपाटाचा चौकोन चिकटवलेला आणि त्यावर धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, हूक आणि आकडा लावण्याचा नमुना. शेवटच्या पानांवर तळहाताएवढं झबलं आणि टोपडं, खऱ्या मापाच्या कागदी आकृतीसकट. मी शिवण शिकलो ते निम्मं मास्तरांकडून आणि निम्मं या वहीवरून. हातशिलाईत आईचे टाके अजून माझ्यापेक्षा सरळ आहेत.

पायमशीनचं एक आहे. चाक आपल्याकडेच फिरलं पाहिजे. पाय चुकला आणि चाक उलटं गेलं की खाली दोऱ्याचं जाळं होतं आणि दोरा तुटतो, त्यामुळे नव्या माणसाला पहिले काही दिवस दोरा न ओवता नुसते पाय चालवायला बसवतात. वरचा दोरा सुईतून खाली जातो, खालच्या बॉबिनच्या दोऱ्याला कवेत घेतो आणि वर येतो. कापडाच्या बरोबर मधोमध दोघांची गाठ पडली पाहिजे. हे जमतं कारण मशीनच्या सुईचं नेढं टोकाजवळ असतं. हातसुईसारखं ते मागे असतं तर अख्खी सुई दर टाक्याला कापडातून आरपार न्यावी लागली असती. १८४६ साली एलियस हाउ या अमेरिकन माणसाने ज्या मशीनचं पेटंट घेतलं तिच्यात हे दोन्ही होतं, टोकाजवळचं नेढं आणि दोन दोरे. आईची मशीनही मुळात तेच करते. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने मशीन बनवून सैन्याचे गणवेश शिवायचा कारखाना काढला होता, आणि १८३१च्या सुमाराला पॅरिसमधल्या शिंप्यांनी पोटावर पाय येईल या भीतीने आत घुसून मशीन मोडून टाकल्या. मी मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मशीनने कुठं पोट मारलं? मशीनने तर दिलं. मारलं ते रेडिमेडनं."

तर, उसवणं. जुन्या कपड्यातून नवा करायचा म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ उसवण्यात जातो, आणि मला शिवण्यापेक्षा तेच जास्त आवडतं असं आता वाटायला लागलंय. मास्तर अर्ध्या ब्लेडने उसवतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. मी काटेरी टोकाचं सीम रिपर वापरतो. एका बाजूचा दर चार-पाच टाक्यांनी एकेक टाका कापत जायचा, मग कापड पालथं करून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. तो अखंड, सरसर निघून येतो. जीन्सच्या काही शिवणींना आणि तांदळाच्या पोत्याच्या तोंडाला साखळी टाका असतो. तिथे योग्य टोक सापडलं तर एका ओढीत सगळं उघडतं, आणि चुकीच्या टोकाने सुरुवात केली तर संध्याकाळ जाते.

उसवल्यावर कळतं की आधीच्या माणसाने काम कसं केलं होतं. शिंप्याने शिवलेल्या कपड्यात आत माया असते, म्हणजे शिवणीबाहेर राखलेलं जास्तीचं कापड, बोटभर, कधी दोन बोटं, कारण तो कपडा पुढे सैल करावा लागेल हे शिंप्याने गृहीतच धरलेलं असतं. पोर वाढणार, बाई बाळंत होणार, गृहस्थाचं पोट सुटणार. रेडिमेड कपड्यात शिवणीबाहेर जेमतेम ओव्हरलॉकपुरतं कापड असतं. हजारो नगांवर बोटभर कापड वाचवलं की कारखान्याचा किती फायदा होतो ते उघड आहे. त्या बचतीचा अर्थ असा की तो कपडा एकाच मापाच्या माणसासाठी, आणि त्या माणसाच्या एकाच वयासाठी असतो. माझ्या सासऱ्यांची एक पँट मी उसवली तेव्हा मागच्या शिवणीत टिपांच्या भोकांच्या तीन रांगा निघाल्या, एकीच्या बाहेर एक. सर्वांत आतली त्यांच्या लग्नाच्या सुमाराची असावी. माणसाचं वजन इतकं नीट नोंदवलेलं मी दवाखान्याच्या फाइलीतही पाहिलेलं नाही. सर्वांत बाहेरच्या रांगेपलीकडेही थोडी माया शिल्लक होती.

कॉलरच्या आतही असंच. जुन्या शर्टात कडक कापडाचा थर शिवून बसवलेला असतो, बकरम किंवा कॅनव्हास. आता पेस्टिंग असतं, इस्त्रीने चिकटवलेलं. ते धुण्यात सुटलं की कॉलरवर फोड आल्यासारखे दिसतात आणि तो शर्ट दुरुस्त होत नाही. उलटवायची सोय त्यात नाही, कारण दोन्ही बाजू एकदमच बिघडतात.

हे सगळं माझ्या आजीने ऐकलं असतं तर ती हसली नसती. चिडली असती. आजी नऊवारी नेसायची. नऊवारी झिजते ती कासोट्याच्या जागी, बसण्याच्या जागी. दोन्ही टोकं आणि काठ चांगले राहतात. मग लुगड्याचा मधला झिजलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. लुगडं आखूड होतं, पण आणखी काही महिने निघतं. दंडाची शिवण निऱ्यांत कुठे दडेल याचा हिशोब करून नेसावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासं झालं, 'कंट्रोल'चं कापड सुरू झालं, तेव्हा आजी नवी नवरी होती आणि तिची पहिली काही वर्षं दंडाच्या लुगड्यांत गेली. त्यानंतरही जुनेराची सुटका नसायची. त्यातून परकर निघायचे, पोरांची झबली निघायची, बाळंतिणीला दुपटी निघायची. मऊ कापड म्हणून नव्या बाळाला जुनंच घालायचं, हे तर अजूनही लोक करतात. मग वाकळ. मग पोतेरं. शेवटी देवापुढच्या काकड्याला चिंधी.

ही सगळी साखळी आज कुणी मोठ्या कौतुकाने सांगतं, 'आपल्या आज्यांना हे आधीपासूनच माहीत होतं,' तेव्हा मी जरा सावध होतो. आजीला ते माहीत होतं आणि ते करावं लागत होतं याचा तिला राग होता. वडील कमवायला लागल्यावर तिने दंडाचं लुगडं परत अंगाला लावलं नाही. ठिगळ लावलेली पिशवीसुद्धा तिला घरात खपायची नाही. मी जीन्सच्या गुडघ्यावर मुद्दाम उठून दिसेल असा लाल खणाचा तुकडा लावतो, लोक विचारतात, "कुठून घेतली?" तिने शिवण निऱ्यांत लपवली, मी गुडघ्यावर मिरवतो. टाका तोच आहे. माझ्या कपाटात न फाटलेल्या आणखी पँटा आहेत, एवढाच काय तो फरक, आणि तो मला छोटा वाटत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. आजीच्या दंडाला मोल होतं, एका लुगड्याचं.

त्यामुळे या उद्योगाने पृथ्वी वाचते वगैरे कुणी म्हणालं की मी विषय बदलतो. एका शर्टाची कॉलर उलटवताना तिकडे किती शर्ट शिवून होत असतील याचा विचार केला तर हातातली सुई ठेवून द्यावी लागेल. टाकलेल्या कपड्यांचं खरं जग बघायचं तर पानिपतला जावं. पश्चिमेकडच्या देशांतले उतरलेले लोकरी कपडे कांडला बंदरातून तिथवर येतात. पुन्हा विकता येऊ नयेत म्हणून ते फाडलेले, चिरलेले असतात. तिथे बाया जमिनीवर बसून त्यांची बटणं, चेनी, लेबलं कापून काढतात, रंगांचे ढीग लावतात, मग यंत्रं त्यांच्या चिंध्या करून पुन्हा सूत काढतात. आपत्ती आली की ट्रकांतून वाटली जाणारी खरखरीत ब्लँकेटं बऱ्याचदा त्याच सुताची असतात. आणि आपण 'गरिबांना देऊन टाकलेले' कपडे? २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. ज्यांची घरं वाहून गेली त्यांनाही दुसऱ्याचं विटकं नको होतं. आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

पैसेही वाचत नाहीत. दोरा, सुया, चेनी, इलॅस्टिक, पुण्याला गेलं की तुळशीबागेतून उगाच आणलेल्या लेस. जीन्सला सोळा नंबरची सुई लागते, शर्टाला चौदा, आणि आळस करून चौदाच्या सुईने जीन्स शिवायला गेलं की सुई टचकन मोडते. शिवाय साठवण. दिवाणाखाली माझ्या गाठोड्यांनी जी जागा व्यापली आहे तिच्यावरून आमच्या घरात नियमित बोलणी होतात.

यात बोहारणीने परस्पर तोडगा काढला. आमच्याकडे येणाऱ्या मावशी कपडा हातात घेतला की आधी उजेडासमोर धरतात. विरलेली जागा त्यांना लगेच दिसते. त्यांना हव्या असतात सिंथेटिक साड्या, कारण त्या झिजत नाहीत आणि बाजारात विकल्या जातात. मऊ झालेली, विटलेली सुती साडी त्या बाजूला सारतात: "ही तुमच्याकडंच राहू द्या, हिचं काय येत नाही." नेमकी तीच मला हवी असते. बायकोला पातेलं मिळतं, मला साडी मिळते.

जुन्या सुती कापडाचा मोठा गुण असा की त्याला जे काही आटायचं ते आटून झालेलं असतं आणि जो काही रंग सोडायचा तो सोडून झालेला असतो. नवं कापड कापण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजत घाला, वाळवा, इस्त्री करा, हे सगळं वाचतं. दोष असा की ते कुठे विरलंय ते कापण्याआधी शोधावं लागतं, बोहारणीसारखंच उजेडाला धरून, आणि जे चांगलं उरलंय तेवढ्यातच आकृती बसवावी लागते. म्हणजे मनात कुर्ता असतो आणि कापड म्हणतं, बिनबाह्यांचं जाकीट होईल. उभा धागा उभाच ठेवायचा असतो, नाहीतर दोन धुण्यांत कपडा तिरका लोंबतो, त्यामुळे तुकडा आडवा फिरवून भागवण्याचीही सोय नसते. शर्टाची पाठ हा त्यातला सर्वांत मोठा सलग तुकडा. पुढच्या बाजूची बटणपट्टी तशीच ठेवून लहान मुलीचा फ्रॉक केला की ती मागे जाते आणि काजं करायचं काम वाचतं. मला काजं आवडत नाहीत.

कापड कशाचं आहे याची शंका असली तर एक धागा काढून जाळून बघायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख मऊ, करडी होते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो. वडिलांचे टेरीकॉटचे शर्ट मणी करतात. ते त्यांच्यापेक्षा जास्त जगले आणि माझ्यापेक्षा जास्त जगतील असं दिसतं. त्यांच्या मी भाजीच्या पिशव्या केल्या. जुन्या जरीच्या रेशमी साडीकडे मात्र जपून बघावं लागतं, कारण ती घडीवर उभी चिरते. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की तिथली जर आणि रेशीम दोन्ही मोडतात, आणि साडी उलगडल्यावर हातात पट्ट्या येतात. काठ चांगला असला तर तेवढा सोडवून दुसऱ्या कशाला लावता येतो, बाकीच्याचा मोह धरू नये.

वाकळ मला अजून नीट जमलेली नाही. मशीनवर ती होतच नाही. म्हणजे होते, पण मग ती चादर होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी उन्हाळ्यात गच्चीवर दोन साड्यांच्या मध्ये जुन्याचे थर पसरतात, कडा टाचतात आणि काठापासून आत आत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घालत मध्यापर्यंत येतात. आधी मध्ये टाके घातले तर कापड कडेकडे सरकून झोळ पडतो, बाहेरून आत आलं की झोळ मध्ये गोळा होतो आणि शेवटच्या फेऱ्यांत जिरवता येतो, असं त्या सांगतात. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बाया कवंडी शिवतात त्याही अशाच कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेने फिरत मध्यावर येतात, आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची छोटी फुलं लावतात. ती फुलं मी मावशींना मोबाइलवर दाखवली. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "टाका मोठा आहे, पण हात बसलेला आहे." यंदा त्यांच्या वाकळेच्या एका कोपऱ्यात फूल आहे. बाकीचे तीन कोपरे साधेच आहेत. वेळ नव्हता म्हणाल्या.

सध्या माझ्याकडे काम आहे ते खिशांचं. पुतणी कॉलेजला आहे. तिने एकदा विचारलं, "काका, तुमच्या शर्टाला एक, पँटला चार, आणि माझ्या ड्रेसला एकही नाही, असं का?" याचं पटण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिच्या कुर्त्याची बाजूची शिवण कमरेखाली वीतभर उसवली आणि माझ्या एका जुन्या शर्टाच्या बाहीतून दोन खिसे कापून आत बसवले. बाही तशी कशाच्याच कामाची नसते, तिचे तुकडे छोटे आणि निमुळते निघतात, पण खिशाला पुरतात. कुर्ता रेडिमेड होता, आत माया नव्हती, म्हणून आधी कडेला पट्टी जोडावी लागली. खिसा कमरेच्या शिवणीत वर अडकवला नाही तर मोबाइलच्या वजनाने खाली लोंबतो, हे दुसऱ्या कुर्त्याच्या वेळी मास्तरांनी सांगितलं.

आता तिच्या मैत्रिणींचे कुर्ते येतात. मापावरून रोज वाद आहे. मी हाताच्या पंजाच्या मापाने खिसा कापतो, त्यांना फोन पूर्ण आत गेला पाहिजे, आणि फोन दर वर्षी लांब होतायत. लेगिंग घेऊन येऊ नका असं मी बजावून ठेवलंय. ताणलं जाणारं कापड आईच्या मशीनवर टाके सोडतं. तरी काल एक पिशवी आलीच. आत दोन लेगिंग आणि चिठ्ठी: 'काका, प्लीज, निदान एका बाजूला.'